निळ्या कागदाखालची शाळा

बोरवाडीच्या शाळेचा आकडा चुकलेला आहे, याबद्दल ऑफिसात कुणालाच शंका नव्हती. त्रिशला चौगुलेलाही नव्हती.

सांगली जिल्ह्याच्या शालेय आरोग्य विभागात ती तपासणी अधिकारी होती. २०४३ सालच्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या दोनशे बारा शाळांमधल्या मुलांच्या अंगातलं ड-जीवनसत्त्व पहिल्यांदाच एका वेळी मोजलं गेलं. पूर्वी त्यासाठी दंडातून सिरिंजभर रक्त काढावं लागायचं. मुलं भोकाड पसरायची, आया मुलांना काखोटीला मारून घरी न्यायच्या. आता टिकली निघाली होती. रुपयाएवढी गोल चकती, मनगटाच्या वर चिकटवायची. तिच्या पोटातल्या केसाहून बारीक सुया कातडीखालचा पाझर टिपत राहायच्या आणि सात दिवसांनी काढली की आकडा सांगायची. मुलांना ती इतकी आवडली की काढताना रडारड व्हायची.

निरोगी हाडांसाठी आकडा निदान वीस हवा. जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांची सरासरी नऊ ते तेराच्या मध्ये घुटमळत होती. शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेनं चौदा गाठले होते. आणि तासगाव तालुक्यातल्या बोरवाडीच्या एकतीस मुलांच्या शाळेचा आकडा होता सदतीस.

"चौगुले, एक तर टिकल्यांचा तो डबा नासलेला होता, नाहीतर त्या हेडमास्तरनं काहीतरी चलाखी केलीय," विभागप्रमुख डॉक्टर लोखंडे म्हणाले. "तुम्ही स्वतः जा आणि छडा लावा."

इतर शाळांचे आकडे इतके खाली का, हे दोघांनाही पाठ होतं. बारा वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर कवायत चालू असताना दोन मुली उष्माघातानं गेल्या होत्या. त्यानंतर उष्मा नियम आला. पारा छत्तीसच्या वर गेला की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एकाही मुलाला उघड्यावर आणायचं नाही. पहिल्यांदा हा नियम एप्रिल-मेपुरता होता. मग उन्हाळाच पुढेमागे पसरत गेला. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत दारं बंद, ऑक्टोबर पुन्हा बंद, पावसाळ्यात ढग. डिसेंबर-जानेवारीचं ऊन तेवढं उरलं होतं, पण तोवर मुलांची बाहेर खेळायची सवयच मोडली होती. खिडकीच्या काचेतून ऊन येतं खरं, पण त्यातली कामाची किरणं काच अडवते. ड-जीवनसत्त्वाचं औषध शाळाशाळांतून वाटलं जाई, पण त्यातलं पोटात किती जात होतं ते टिकलीनं आता चव्हाट्यावर आणलं होतं.

त्रिशलाच्या घरातलीही गोष्ट वेगळी नव्हती. तिची दहा वर्षांची मुलगी चंदना महिन्यापूर्वी सोफ्यावरून उतरताना पडली आणि मनगट मोडून बसली. सोफ्यावरून! एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून त्रिशलाकडे पाहिलं होतं. "मॅडम, तुमच्याच विभागाकडून आम्हाला ड-जीवनसत्त्वाची पत्रकं येतात ना?" चंदनाचा आकडा नऊ होता. औषध दिलं की ती ओकून टाकायची आणि न ओकलेल्या दिवशी ते बेसिनमध्ये ओतलेलं असायचं. ही गोष्ट त्रिशलानं ऑफिसात कुणालाही सांगितली नव्हती.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती बोरवाडीला पोचली, तेव्हा अकरा वाजले होते आणि गाडीतला पारा एकेचाळीस दाखवत होता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. त्यांच्यावर निळसर प्लास्टिक ताणलेलं. या भागात त्याला कागद म्हणतात. शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि मधलं अंगण. अंगणावरही तसाच निळा कागद बांधलेला होता, तुकडे जोडून, गोधडीसारखा. खाली एकतीस मुलं मांडी घालून पाढे म्हणत होती.

मुख्याध्यापक दिलावर मुजावर खडू झटकत पुढे आले. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शाळेतले ते एकटेच शिक्षक.

"या मॅडम. आमचा आकडा जास्त आला म्हणून आलात, होय ना?" ते हसून म्हणाले. "कमी आला असता तर कोण आलं असतं?"

त्रिशला हसली नाही. तिनं पेटी उघडली, बोटाला टोचून थेंबभर रक्तावर चालणारं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि मुलांना रांगेत बोलावलं. टिकली फसवी असली तरी रक्त खोटं बोलणार नव्हतं. वीस मिनिटांनी एकेक आकडा उमटू लागला. पस्तीस. एकेचाळीस. अडतीस. तेहतीस. तिनं दहा मुलं तपासली आणि यंत्र बंद केलं. टिकल्या बरोबर होत्या.

"रोज काय काय खाता रे तुम्ही?" तिनं मुलांना विचारलं.

"खिचडी!"

"बेदाणं!"

"आमच्या म्हशीचं दूध!"

"मॅडम, मी ल्हानपणी माती पण खाल्ली हुती."

अंगणात हशा उसळला. यातल्या कशानंही आकडा सदतीसवर जाणार नव्हता. उरली एकच शक्यता. त्रिशला मुजावर सरांना बाजूला घेऊन गेली.

"सर, खरं सांगा. तुम्ही मुलांना उन्हात नेता का?"

सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, बारा वर्षांत एकदाही नाही. ज्या शाळेत त्या दोन पोरी गेल्या, तिथं माझी पुतणी शिकत होती. मी नेईन उन्हात?" त्यांनी खोलीतून एक वही आणली. रोजचं तापमान, दिवसातून तीन वेळा, नेटक्या अक्षरात. "हे बघा. आज बाहेर एकेचाळीस, कागदाखाली चौतीस. खोल्यांना पत्रा आहे, आत अडतीसच्या खाली येत नाही. कूलर आहे, पण त्याला पाणी कुठलं? दसऱ्याच्या आधी इंदुताईंनी बागेतले उरलेले तुकडे दिले, आम्ही बांधले. तेव्हापासून सुट्टी इथंच, दुपारचे तास इथंच. नियमात सावली चालते."

नियमात सावली चालत होती. वही खरी होती. त्रिशला गोंधळली. तिनं सहज समोरच्या चौथीतल्या मुलाचा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा, आणि तिचं लक्ष त्याच्या मनगटाच्या वर गेलं. सावळ्या हातावर रुपयाएवढा फिकट गोल होता. टिकली जिथं होती तिथं.

तिनं दुसऱ्या मुलीचा हात पाहिला. तिलाही गोल. तिसऱ्यालाही.

त्या सात दिवसांत चकतीखालची कातडी किंचित उजळली होती आणि भोवतालची आणखी रापली होती. पण सावलीत बसून कातडी रापते कशी?

तिनं मान वर करून निळ्या कागदाकडे पाहिलं.

*

इंदुताईंचा, म्हणजे इंदुमती शिंदे यांचा, बंगला बागेच्या टोकाला होता. शाळा समितीच्या त्या अध्यक्ष, आणि गावात तो कागद सगळ्यांत आधी आणणाऱ्या.

"आवो मॅडम, काळ्या द्राक्षाची गंमतच हाय," त्या चहाचा कप पुढे करत म्हणाल्या. "रंग चढायला ऊन लागतंय, पर अलीकडचं ऊन मणीच भाजून काढतंय. साधा कागद घातला तर माल गार ऱ्हातोय, पण पांढराफटक. मग ह्यो कागद निघाला. ह्येच्याखाली माल गार बी ऱ्हातोय आन् रंग बी येतोय." त्यांनी फडताळातून एक माहितीपत्रक काढून दिलं.

त्यातली चौथी ओळ त्रिशलानं दोनदा वाचली. 'उन्हातली उष्णता परतवतो. रंग येण्यासाठी आवश्यक अशी अतिनील किरणं मात्र निम्म्याहून अधिक आत सोडतो.'

परत येताना तिनं गाडी बाभळीखाली थांबवली आणि काही वेळ नुसतीच बसून राहिली. काच उष्णता आत घेते आणि ती किरणं बाहेर अडवते. हा कागद नेमकं उलटं करत होता. उन्हातली भाजणारी बाजू परत पाठवत होता आणि ज्या किरणांनी मुलांच्या कातडीत ड-जीवनसत्त्व तयार होतं ती गाळून खाली सोडत होता. द्राक्षासाठी केलेली युक्ती पोरांना लागू पडली होती. सगळ्या जिल्ह्यानं बारा वर्षं जे हरवलं ते या गोधडीखाली पाच महिन्यांत परत आलं होतं, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

तिला हसूच आलं. चंदनाची आठवण आली. आणि मग तिनं घाईनं गाडी सुरू केली.

ऊन चटका देतं, म्हणून माणूस उन्हातून उठतो. या कागदाखाली चटकाच नव्हता. गार सावली समजून मुलं तीन-तीन तास बसत होती, ती खरं तर उन्हातच.

ती शाळेत शिरली तेव्हा दुसरीतली हर्षदा माने दाराशी फुगडी घालत होती. गोरीपान पोर, फेब्रुवारीतच या शाळेत आलेली. तिचं नाक सोलवटलं होतं. त्रिशलानं तिच्या फ्रॉकची बाही हलकेच वर सरकवली. बाहीच्या काठापर्यंत हात लालबुंद होता, वर दुधासारखा.

"घामोळं आहे ते," मुजावर सर म्हणाले. "मी तिच्या आईला कोरफड लावायला सांगितलंय."

"घामोळं नाही, सर. ऊन लागलंय."

तिनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. सुरुवातीला ते मान डोलावत होते. शेवटी त्यांची मान हलायची थांबली.

"म्हणजे पाच महिने मी पोरांना उन्हात बसवलंय," ते म्हणाले. "रोज. माझ्या हातानं."

ते उठले. खोलीमागची शिडी आणून त्यांनी खांबाला टेकवली आणि वर चढून दोरीची गाठ सोडू लागले. दोरी आवळलेली होती, ते दातांनी ओढू लागले. मुलं वाचायचं थांबून बघत राहिली.

सकाळी त्रिशला या माणसाला पकडायला आली होती. आता ती शिडीचा पाय धरून उभी होती.

"सर, थांबा. उतरा खाली."

"नको मॅडम. हे आत्ताच्या आत्ता काढलं पाहिजे."

"सर, तुमची पोरं जिल्ह्यात सगळ्यांत धडधाकट आहेत. ती या कागदामुळं. हर्षदाला त्रास झाला तो कागदामुळं नाही, वेळेमुळं. माझं ऐकून तरी घ्या."

ते उतरले, पण शिडीजवळच उभे राहिले. त्रिशलानं त्यांना ड-जीवनसत्त्वाची एक खासियत सांगितली. कातडी ते हवं तेवढंच बनवते. थोड्या वेळानं बनणारं आणि मोडणारं सारखंच होतं, आणि पुढं कितीही बसा, अंगात थेंबभर जास्त जमत नाही. पुढचा सगळा वेळ नुसती कातडी भाजून निघते. म्हणजे पहिली काही मिनिटं लाखमोलाची आणि उरलेले तीन तास निव्वळ नुकसान.

"किती मिनिटं?" सरांमधला गणिताचा शिक्षक जागा झाला.

"ते सूर्य किती वर आहे त्यावर. सूर्य डोक्यावर असला की किरणांना हवेतून येताना वाट जवळची पडते, म्हणून ती खाली पोचतात. सकाळ-संध्याकाळ वाट तिरपी आणि लांबची, त्यामुळं ती मधेच गाळली जातात. सकाळी सातच्या कवायतीचा या कामी काहीच उपयोग नाही."

"मग सावली मोजायची," सर म्हणाले. "सावली आखूड तर सूर्य वर. सोपं आहे." त्यांनी मुलांकडे वळून पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. "एवढं तर माझी चौथीची पोरंसुद्धा करतील."

*

डॉक्टर लोखंड्यांना तिनं अंगणातूनच फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं, हर्षदाच्या हातासकट.

"कागद उतरवा," ते म्हणाले. "आज."

"सर, वेळ बांधून दिली तर..."

"चौगुले, त्या दोन मुलींना दवाखान्यात आणलं तेव्हा ड्यूटीवर मी होतो. एकीच्या मुठीत शिट्टी होती. मी तिची बोटं सोडवली." त्यांचा आवाज कोरडा होता. "उष्मा नियमाचा मसुदा मी लिहिलाय. मुलांना घरात कोंडायची हौस म्हणून नव्हता लिहिला."

त्रिशलाला हे ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ती या माणसाच्या हाताखाली काम करत होती. तिनं आवाज खाली आणला.

"सर, मग तुम्हालाच सांगते. नियमानं मुलं वाचली. पण त्यांची हाडं पोकळ होत चालली आहेत आणि त्यावर आपल्याकडं औषधाच्या बाटल्यांपलीकडं काही नाही. इथं काहीतरी सापडलंय. दोन महिने द्या. रोज किरणं मोजते, रोज कातडी तपासते, रोज तुम्हाला कळवते. एक मूल लाल झालं तर मी स्वतः कागद उतरवीन. जबाबदारी माझी, लेखी देते."

"तुमची स्वतःची मुलगी तिथं बसवाल?"

अंगणात मुलं खिचडीच्या ताटल्या धूत होती. लोखंड्यांना चंदनाचा आकडा ठाऊक नव्हता, आणि तिनं तो सांगितला. नऊ. मनगट कसं मोडलं तेही, बेसिनमध्ये ओतलेलं औषधही.

"बसवीन," ती म्हणाली.

"एप्रिलअखेरपर्यंत," लोखंडे म्हणाले. "एका मुलाचं नाक लाल दिसलं तरी संपलं."

*

घरी भरतेशनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात अभियंता होता आणि सहसा आवाज चढवत नसे.

"प्रयोगाला तुला आपलीच सापडली?"

"प्रयोग पाच महिने चालूच होता, भरतेश. एकतीस मुलांवर, कुणाच्याही नकळत. आता निदान घड्याळ लावून होईल."

"आणि तिची कातडी भाजली तर? औषध आहे ना? तेच नीट पाजू. मी बसतो रोज समोर."

"महिनाभर समोर बसलास की. तिनं तुझ्या देखत ओकलं."

"पण तुला खात्री आहे का?"

"पूर्ण नाही," त्रिशला म्हणाली. "म्हणून तर मोजणार आहे."

भरतेश रागावला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं, हेच त्रिशलाला जड जात होतं. इतका वेळ दाराआडून ऐकणारी चंदना पुढे आली. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, हात अजून काडीसारखा दिसत होता.

"तिथं मुलं असतात?" तिनं विचारलं.

"एकतीस."

"खरी? म्हणजे स्क्रीनवर नाही?"

भरतेशनं मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. फेब्रुवारीपासून चंदनाची शाळा घरबसल्या पडद्यावर चालत होती आणि पुढचे दोन महिने तशीच चालणार होती.

"टोपी घालून ने तिला," एवढंच बोलून तो उठला.

*

त्रिशला रोज बोरवाडीला जाऊ लागली, आठवड्यातून चार दिवस चंदनाला घेऊन. पहिल्या दिवशी चंदना खांबाला चिकटून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हर्षदानं तिला लगोरीत ओढलं आणि तिसऱ्या दिवशी परत निघताना तिला हाका मारमारून गाडीत बसवावं लागलं.

मुजावर सरांनी अंगणाच्या कडेला उघड्यावर मीटरभर उंचीची लोखंडी सळी रोवली. भोवती फरशीवर ऑईलपेंटचे पट्टे. पांढऱ्या पट्ट्यापर्यंत सावली असेल तर कागदाखाली चाळीस मिनिटं. पिवळ्यावर पंचवीस. तांबड्याच्या आत आली की पंधराच. हर्षदासारख्या गोऱ्या पोरांना त्याच्या निम्मी. रोज एका जोडीची पाळी. ती टोपी घालून कागदाच्या काठापर्यंत धावत जायची, सावलीतूनच पट्टा बघायची, धावत परत यायची, आकडा फळ्यावर लिहायची आणि वेळ संपली की घंटा द्यायची. अंगणाच्या उरलेल्या भागावर इंदुताईंनी कागदावर जाड गोणपाट अंथरून दिलं. तिथली सावली मात्र अस्सल. घंटा झाली की सगळी पोरं निळ्याखालून गोणपाटाखाली.

सुरुवात सोपी गेली नाही. पोरं घंटेनंतरही निळ्यातच रेंगाळायची, कारण तिथं उजेड जास्त आणि खेळायला जागा मोठी. हर्षदाची आई शाळेत येऊन भांडून गेली. "गार सावलीतनं पोरगीला उठवून अंधारात कशापायी बसवताय?" त्रिशलानं तिला अतिनील किरणं मोजण्याचं उपकरण हातात दिलं. आधी गोणपाटाखाली धरायला लावलं, मग निळ्याखाली. काटा उडालेला पाहून तिनं स्वतःच पदरानं पोरीचे हात झाकले.

त्रिशला रोज एकेका मुलाचे हात, मान, नाक तपासायची. पहिला आठवडा तिला झोप लागली नाही. तिसऱ्या आठवड्यात हर्षदाची सोललेली कातडी गळून खालून नितळ कातडी आली. त्या दिवशी त्रिशलाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळचा अहवाल पाठवल्यावर लोखंड्यांचं उत्तर आलं, "ठीक." तोवर ते उत्तरच पाठवत नसत.

एप्रिलच्या मध्यावर ते न सांगता येऊन धडकले. सळीजवळ उकिडवे बसून त्यांनी पट्टे पाहिले, फळ्यावरचे आकडे पाहिले, दोन मुलांना उलटसुलट प्रश्न विचारले. घंटा झाली. एकतीस आणि एक बत्तीस मुलं उठली आणि गोणपाटाखाली गेली. कुणाला ओरडावं लागलं नाही.

"मुजावर सर," लोखंडे म्हणाले, "हे तुम्ही लिहून द्याल? दुसऱ्या शिक्षकांना कळेल असं?"

"किती शाळांसाठी?"

"जूनपासून अकरा. मग बघू."

मुजावर सरांनी चष्मा काढून पुसला. लोखंडे पुन्हा सळीकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "नियमात एक कलम घालावं लागेल. उशीर झाला, पण घालू."

*

तीस एप्रिल हा निकालाचा दिवस. त्या दिवशी मुलांच्या हातात दोन कागद होते. एकावर गुण, दुसऱ्यावर टिकलीचा आकडा. शाळेची सरासरी चौतीसवर स्थिरावली होती. वेळ कमी करूनही ती पडली नाही, आणि दोन महिन्यांत एकही मूल पुन्हा लाल झालं नाही. चंदनाचा आकडा एकवीस होता. पस्तीस-चाळीसवाल्या पोरांमध्ये तो अगदीच बारका, पण चौथीतल्या एका मुलीनं तो वाचून "वीसच्या वर गेली, वीसच्या वर गेली" असा गलका केला आणि चंदना त्या कागदाची घडी मुठीत घट्ट धरून उड्या मारत राहिली. त्रिशला तिच्याकडे बघत होती. दोन महिन्यांपूर्वी ही पोर पाय जपून टाकत चालायची.

भरतेश त्या दिवशी रजा काढून आला होता. पहिल्यांदाच. गाडीतून उतरला तो घामानं निथळत, कपाळावर आठ्या घेऊन. तो निळ्या कागदाखाली आला आणि थबकला. वर पाहिलं. हात पुढे करून पाहिला, पाऊस पडतोय का बघावं तसा.

"अरेच्चा," तो म्हणाला.

इंदुताईंनी ताक आणून दिलं. भरतेशनं बूट काढले, बाह्या वर केल्या आणि खांबाला पाठ टेकून पाय पसरले. मुजावर सरांशी त्याच्या गप्पा रंगल्या. कॅनॉलचं पाणी, पत्र्याच्या खोल्या, कागदाचा ताण, खांबांची उंची. खांब अर्धा फूट वाढवले तर वारा आणखी खेळेल, असं त्यानं सुचवलं आणि खिशातल्या पेननं ताकाच्या ग्लासाखालच्या कागदावर आकृती काढायला घेतली. समोर पोरं लगोरी खेळत होती. त्रिशला त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

"काय गार आहे गं," तो डोळे मिटत म्हणाला. "आणि हिला इथं आणू नको म्हणत होतो मी."

बाहेर सळीची सावली तिच्या बुडाशी गोळा होऊन तळहाताएवढी उरली होती. तांबड्या पट्ट्याच्याही आत. घंटा झाली. मुलांनी लगोरीचे दगड तसेच टाकले आणि ती गोणपाटाखाली पळाली. मुजावर सर उठले, इंदुताई उठल्या, त्रिशला उठली. भरतेश मात्र पाय पसरूनच होता.

चंदना अर्ध्या वाटेवरून माघारी आली. बापाच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पप्पा, उठा."

"पाच मिनिटं, बाळा. इतकं छान वाटतंय."

"छान वाटतंय म्हणूनच उठायचं," चंदना म्हणाली. तीन महिन्यांपूर्वी मोडलेल्या त्याच हातानं तिनं त्याचं मनगट पकडलं आणि सगळा जोर लावून ओढलं.

भरतेश खरोखरच उठला.